डॉरमाउसची लाकडी पेटी: तीन हंगाम वापरल्यानंतरचा अभिप्राय

इंग्लंडच्या केंट परगण्यात आम्ही राहतो त्या गावाला लागून हेझलचे, म्हणजे कठीण कवचाची फळे देणाऱ्या एका झाडाचे, जुने रान आहे. तीन वर्षांपूर्वी तिथे आम्ही आठ-दहा स्वयंसेवकांनी हेझल डॉरमाउस या प्राण्यासाठी ५० लाकडी पेट्या बांधल्या आणि त्यानंतरच्या प्रत्येक हंगामात, म्हणजे मे ते ऑक्टोबर या काळात, महिन्यातून एकदा त्या सगळ्या उघडून पाहिल्या. हा अभिप्राय त्या पेटीविषयी आहे. प्लास्टिकची घरटे-नळी आणि पावलांचे ठसे घेणारा बोगदा ही दोन साधनेही आम्ही वापरली, त्यांचाही उल्लेख ओघाने येईल. कारण नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी कशावर पैसे घालावेत हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो आणि त्याचे माझे उत्तर पेट्या विकणाऱ्यांना फारसे रुचणारे नाही.

ज्यांनी हा प्राणी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देणे आवश्यक आहे. इंग्रजी नावात ‘माउस’ असले, तरी डॉरमाउस घरातल्या उंदराच्या कुळातला नाही. बदामी-सोनेरी अंग, टपोरे काळे डोळे आणि खारीसारखी केसाळ शेपटी असे त्याचे रूप असते. एरवी त्याचे वजन १५ ते २० ग्रॅम, म्हणजे आपल्या दहा रुपयांच्या दोन नाण्यांइतके भरते. शीतनिद्रेपूर्वी मात्र खाऊन खाऊन ते ३० ग्रॅमच्याही पुढे जाऊ शकते. तो रात्री हिंडतो, जागेपणी शक्यतो जमिनीवर उतरत नाही, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत मात्र जमिनीलगतच, पाचोळ्याखाली विणलेल्या गोळ्यात, झोपून राहतो. पाला पचवणारा आतड्याचा भागच त्याला नसल्यामुळे रान नुसते हिरवेगार असून त्याचे भागत नाही. वसंतात हॉथॉर्नची फुले, मग हनीसकलच्या वेलीवरचा मध आणि पराग, मधल्या काळात कीटक, आणि शेवटी ब्लॅकबेरी व हेझलची फळे, असे काही ना काही सतत फुलत-फळत राहिले तरच त्याचा वर्षभराचा संसार चालतो. ब्रिटनमध्ये डॉरमाउसची ही एकच जात मूळची आहे. आकाराने मोठी अशी दुसरी एक जात १९०२ मध्ये वॉल्टर रॉथशिल्ड यांच्या ट्रिंग येथील प्राणिसंग्रहातून बाहेर पसरली आणि ती आजही त्या भागातील घरांच्या माळ्यांवर वायरी कुरतडत असते. तिच्यासाठी कोणी पेटी विकत घेत नाही.

आता पेटीकडे वळतो. दिसायला ती पक्ष्यांसाठी बांधतात त्या लाकडी पेटीसारखीच असते. फरक इतकाच की तिचे तोंड झाडाकडे असते. मागच्या फळीला साधारण ३५ मिलिमीटर व्यासाचे भोक आणि त्याच्या वर-खाली दोन आडव्या पट्ट्या असतात. पट्ट्यांमुळे पेटी आणि खोड यांच्यामध्ये दोन बोटांची फट राहते आणि खोडावरून चढून आलेला डॉरमाउस त्या फटीतून आत शिरतो. उडत येणाऱ्या पक्ष्याला हे तोंड सापडू नये अशी योजना असते, पण ब्लू टिट या चिमुकल्या पक्ष्याला कोणी तसे कळवलेले दिसत नाही, कारण पहिल्याच मे महिन्यात ५० पैकी १४ पेट्यांमध्ये शेवाळाच्या गाद्या अंथरून त्याची पिले चिवचिवत होती. पेटी जमिनीपासून दीड ते दोन मीटर उंचीवर, म्हणजे हात वर न करता झाकण उघडता येईल अशा बेताने, तारेने बांधतात. खिळा ठोकत नाहीत.

आम्ही पेट्या एका लहानशा कार्यशाळेकडून घेतल्या. एका पेटीला साधारण १५ पौंड पडले. ५० पैकी ३० पेट्या जाड, न रंधलेल्या पाइनच्या फळ्यांच्या होत्या आणि २० प्लायवूडच्या. फळ्यांच्या पेट्यांविषयी माझी काही तक्रार नाही; तिसऱ्या हिवाळ्यानंतरही त्यांचे कोपरे धड आहेत आणि खरखरीत फळीला नखे रुतत असल्याने प्राण्याला चढणे-उतरणे सोपे जाते. प्लायवूडच्या पेट्यांचे थर मात्र दुसऱ्या पावसाळी हिवाळ्यातच सुटू लागले आणि त्यातल्या सहा आता पुठ्ठ्यासारख्या भिजून फुगल्या आहेत. कडा आधी नीट बंद करून घेतल्या असत्या तर हे टळले असते, असे नंतर एका सुताराने सांगितले. ते सूचनापत्रात असायला हवे होते.

खरा त्रास झाकणाने दिला. झाकण पेटीच्या आत अगदी घट्ट बसेल असे कापलेले होते. कोरड्या दुकानात ते छान दिसत असणार, पण एका आठवड्याच्या पावसानंतर लाकूड फुगले आणि झाकण निघेना. पक्ष्यांच्या पेटीत हे चालून जाईल. इथे आत एखादा प्राणी गाढ झोपलेला असण्याची शक्यता असते आणि झाकण काढायला पेटीला हिसके द्यावे लागत असतील तर त्या पेटीचा मूळ हेतूच बाद होतो. कार्यशाळेला लिहिले तेव्हा लाकूड म्हटले की ते फुगणारच असे उत्तर आले. ते खरेच आहे, आणि म्हणूनच झाकण कापताना दोन मिलिमीटरची ढील ठेवायची असते. शेवटी एका रविवारी आम्हीच रंधा घेऊन रानात बसलो आणि ५० झाकणांच्या कडा घासून ढिल्या केल्या. तारेचीही एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. हेझलचे खोड वर्षाकाठी जाड होत जाते आणि कसून बांधलेली तार सालीत रुतते. बांधताना तारेला एक मोकळा वेढा ठेवावा आणि दर वसंतात तो थोडा सोडावा. हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते, पहिल्या वर्षी जखमी झालेल्या सात-आठ फांद्यांनी सांगितले.

पेटीत डॉरमाउसपेक्षा इतरच भाडेकरू जास्त येतात, हे विकत घेण्यापूर्वी समजून घ्यावे. पक्षी गेले की रानउंदीर येतात. ते वाळका, तपकिरी पाचोळा कसाही कोंबतात, त्यात फळांचा साठा करतात आणि पेटीला मुताचा असा उग्र वास आणतात की झाकण उघडण्याआधीच आत कोण आहे ते कळते. भुंग्यासारख्या दिसणाऱ्या केसाळ मधमाश्यांनी दोन पेट्या एका वर्षी पूर्ण ताब्यात घेतल्या होत्या, आणि गोगलगायी तर कायमच्याच. सुतारपक्ष्याने पिलांच्या लोभाने एका पेटीची बाजू टोचून उघडली, तर करड्या खारींनी दोन पेट्यांची भोके कुरतडून मोठी केली. मला यात तोटा वाटत नाही. वहीत प्रत्येक पाहुण्याची नोंद होते आणि रानात काय चालले आहे हे त्यावरून समजते. पण केवळ डॉरमाउस दिसावा म्हणून आलेले दोन स्वयंसेवक पहिल्या हंगामानंतर येईनासे झाले, हेही खरे आहे. त्या अख्ख्या हंगामात आम्हाला एकही डॉरमाउस मिळाला नाही.

तो मिळाला दुसऱ्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये, ३७ क्रमांकाच्या पेटीत. पद्धत अशी असते की झाडाजवळ बोलणे थांबवायचे, पिवळ्या फडक्याचा बोळा मागून अलगद भोकात बसवायचा, मग तार सोडून झाकण बोटभर उचलून आत डोकवायचे. आत वाळका पाचोळा नव्हता. बाहेरून हेझलची अजून हिरवी असलेली पाने एकावर एक लपेटलेली होती आणि त्यांच्या आत हनीसकलच्या सालीचे धागे सोलून विणलेला, सुगरणीला मान खाली घालायला लावील असा, मुठीएवढा गोळा होता; वास यायचा तो फक्त वाळल्या गवताचा. आमच्या गटातील परवानाधारक बाईंनी सबंध पेटी मोठ्या पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत उतरवली आणि दोन बोटांनी तो गोळा थोडा उकलला. डॉरमाउस ग्लानीत होता. थंडगार अंग, पोटाशी घेतलेले पाय, तोंडावरून डोक्यापर्यंत ओढून घेतलेली शेपटी, आणि श्वासाबरोबर येणारी अगदी बारीक शिट्टी. या प्राण्याचे घोरणे प्रसिद्ध आहे, पण ते इतके हळू असेल असे वाटले नव्हते. छोट्या कापडी पिशवीत घालून स्प्रिंगच्या काट्याला लावल्यावर काटा ३१ वर थांबला, पिशवीचे सात वजा करून २४ ग्रॅम. नर. मी वहीत आकडा लिहीपर्यंत बाईंनी त्याला परत गोळ्यात ठेवून झाकण लावलेही होते. सगळे मिळून तीन मिनिटे लागली असतील.

परवान्याचा मुद्दा इथेच स्पष्ट करतो, कारण विक्रीच्या पानांवर तो बारीक अक्षरांत असतो. हा प्राणी १९८१ च्या वन्यजीव व ग्रामीण परिसर कायद्याने संरक्षित आहे. पेटी विकत घ्यायला किंवा जागामालकाच्या संमतीने झाडावर बांधायला परवाना लागत नाही. परंतु एकदा तिथे डॉरमाउस असल्याचे आढळले की पुढची तपासणी नॅचरल इंग्लंड या सरकारी संस्थेचा परवाना असलेल्या व्यक्तीनेच किंवा तिच्या देखरेखीखाली करायची असते. तो परवाना मिळण्यापूर्वी दुसऱ्या परवानाधारकाच्या हाताखाली बरेच शिकावे लागते. त्यामुळे आपल्या परसातल्या झाडावर सहज एक पेटी लावून मुलांना अधूनमधून उघडून दाखवू, असा विचार कोणी करत असेल तर त्याने हे १५ पौंड वाचवावेत.

आता नळी आणि पेटी यांची तुलना करतो. घरटे-नळी म्हणजे पन्हळी प्लास्टिकची सुमारे २५ सेंटिमीटर लांब, चौकोनी तोंडाची पोकळी आणि तिच्या आत सरकवलेली प्लायवूडची पट्टी. पट्टीचे एक टोक ठोकळ्याने बंद केलेले असते आणि दुसरे टोक उंबऱ्यासारखे बाहेर आलेले असते. आडव्या फांदीच्या खालच्या अंगाला ती तारेने बांधतात. पेटीच्या चौथाई किमतीत ती मिळते, दहा-बारा नळ्या एका पिशवीत मावतात, आणि जिथे पेटी टांगायला जाड खोडच नाही अशा झुडपांच्या कुंपणातही ती चालते. एखाद्या जागी डॉरमाउस नाही असे म्हणण्यापूर्वी किती शोध घेतला पाहिजे याचा एक ठरलेला हिशेब आहे. ५० नळ्या लावल्या तर एप्रिलला १ गुण, मे महिन्याला ४, जून व जुलैला प्रत्येकी २, ऑगस्टला ५, सप्टेंबरला ७, ऑक्टोबर व नोव्हेंबरला प्रत्येकी २. बेरीज २० झाल्याशिवाय शोध पुरेसा मानत नाहीत. नळ्या कमी असतील तर गुणही त्या प्रमाणात कमी होतात. हा हिशेब मला फार आवडतो, कारण ‘आम्ही पाहिले, काही नव्हते’ या वाक्याला तो किंमत लावतो. बांधकामासाठी कुंपण तोडायला निघालेल्या कोणालाही ऑगस्ट आणि सप्टेंबर टाळून २० गुण जमवता येत नाहीत. आठपैकी उरलेल्या सगळ्या महिन्यांची बेरीज १३ च होते.

ठशांचा बोगदा याहूनही सोपा आहे. प्लास्टिकच्या नळीत एक लाकडी फळी, तिच्या दोन्ही टोकांना कोळशाची पूड आणि ऑलिव्ह तेल यांच्या मिश्रणाची पट्टी, आणि मध्ये कागद. प्राणी आरपार गेला की कागदावर ठसे उमटतात. डॉरमाउसच्या तळव्यावरील गाद्या त्रिकोणी असतात, उंदराच्या गोल. सवय झाली की भिंगाशिवायही ओळखता येतात. यात प्राण्याला हात लावणे नाही आणि झोपमोडही नाही. आमच्या रानाच्या पूर्वेकडील कुंपणात डॉरमाउस आहे हे प्रथम बोगद्यातील कागदानेच सांगितले, तेही तिथल्या आठ पेट्या दोन वर्षे रिकाम्या असताना. कागद मात्र एक-दोन आठवड्यांनी बदलावे लागतात आणि पावसाळी दिवसांत ते लगद्यासारखे होतात.

आणखी एक फुकटचे साधन आहे, ते म्हणजे खाली वाकून पाहणे. डॉरमाउसने खाल्लेल्या हेझलच्या फळाला गुळगुळीत कडेचे गोल भोक असते आणि त्याच्या भोवती, बाहेरच्या अंगाला, दातांच्या तिरप्या खुणा असतात. रानउंदराने पोखरलेल्या फळाच्या आतल्या कडेवर कानशीने घासल्यासारख्या रेघा दिसतात. १९९३ मध्ये सबंध ब्रिटनमध्ये लोकांना अशी फळे गोळा करायला सांगून डॉरमाउस कुठे कुठे उरला आहे हे शोधले गेले होते. कोणतीही खरेदी करण्यापूर्वी एखाद्या शरद ऋतूत एवढे करून पाहावे.

मग पेटी घ्यायचीच कशाला? संख्या मोजण्यासाठी. नळी किंवा बोगदा प्राणी आहे की नाही एवढेच सांगतो. किती आहेत, पिले कधी झाली, हिवाळ्यापूर्वी वजन किती भरले हे वर्षानुवर्षे त्याच जागी असलेल्या पेटीतूनच कळते. पीपल्स ट्रस्ट फॉर एन्डेंजर्ड स्पीसीज ही संस्था जो राष्ट्रीय गणना कार्यक्रम चालवते तो अशाच पेट्यांच्या मासिक नोंदींवर उभा आहे, आणि त्या नोंदींवरूनच २०२३ च्या अहवालात असे मांडले गेले की २००० सालापासून ब्रिटनमधील डॉरमाउसची संख्या ७० टक्क्यांनी घटली आहे. इंग्लंडच्या २० परगण्यांतून तो नामशेषच झाला आहे. १९९३ पासून वेगवेगळ्या रानांमध्ये मिळून १००० हून अधिक डॉरमाउस पुन्हा सोडण्यात आले. तेही आधी प्राणिसंग्रहालयात आरोग्यतपासणी करून, मग पेटीसह झाडाला बांधलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात काही दिवस खाऊ घालून. या सगळ्यात पेटी कामी येते. मात्र रानात पेट्या लावल्या म्हणून डॉरमाउस वाढतो ही समजूत चुकीची आहे. जिथे खायला आहे तिथे तो स्वतः उत्तम घरटे विणतो.

आमच्या रानात नेमके खाणेच कमी पडत होते. हेझल दर काही वर्षांनी बुंध्याशी तोडायचे आणि त्याला पुन्हा फुटवे येऊ द्यायचे ही इथली जुनी रीत. कोकणात राबासाठी कवळ तोडलेला ऐन जसा पुन्हा पालवतो, तसाच हा हेझल बुंध्यापासून दहा-बारा सोटे वर काढतो. तोडलेल्या तुकड्यात ऊन उतरते, ब्रँबल (ब्लॅकबेरीचे काटेरी झुडूप) आणि हनीसकल माजतात आणि सात-आठ वर्षांनी फळे भरघोस येतात. लाकडाला गिऱ्हाईक उरले नाही तशी ही तोड थांबली, झाडे उंच होऊन वर छत मिटले आणि खाली अंधार झाला. दुसऱ्या हिवाळ्यात आम्ही पाव हेक्टरचा एक तुकडा तोडला, आणि जूनमध्ये हरणांनी त्याचे सगळे कोवळे फुटवे खाऊन टाकले. मग तोडलेल्याच काटक्यांचे छातीएवढे उंच कुंपण त्याभोवती रचले. या कामाला लागलेले पैसे पेट्यांच्या खर्चाच्या निम्मेही नव्हते. तिसऱ्या हंगामात त्या तुकड्याच्या कडेच्या चार पेट्यांमध्ये डॉरमाउसची घरटी होती आणि त्यांतल्या एकीत आई व पाच पिले. झाकण उचलताच गुलाबी अंगे दिसली, तसे ते लगेच मिटले. उरलेल्या ४६ पेट्यांमध्ये मिळून फक्त दोन घरटी होती.

मी मूळचा आंबेगाव तालुक्यातला. भीमाशंकरच्या रानात शेकरू लहानपणापासून पाहिलेला असल्यामुळे मला या तुलनेचा मोह आवरत नाही. शेकरू दीड-दोन किलोचा, म्हणजे वजनाने शंभर डॉरमाउसांच्या बरोबरीचा. पण एका झाडाच्या शेंड्याला दुसऱ्याच्या फांद्या लागलेल्या असाव्यात, जमिनीवर उतरावे लागू नये, ही दोघांची गरज एकच. तिथे शेकरूसाठी कोणी पेट्या बांधत नाही. एकेक शेकरू स्वतःच काटक्या-पानांची अनेक घरटी बांधतो, आणि १९८५ मध्ये अभयारण्य घोषित झाले ते त्याच्या रानासाठी. दक्षिण सह्याद्रीत मिरीच्या वेलींवर ताव मारणारा एक काटेरी केसांचा उंदीर आहे, त्यालाही इंग्रजीत डॉरमाउस म्हणतात, पण तो खरा डॉरमाउस नव्हे, आणि पोकळ झाडाची ढोली मिळाली की त्यालाही आणखी काही लागत नाही.

तेव्हा खरेदीविषयी माझे मत असे आहे. नव्या गटाने पहिल्या वर्षी ५० नळ्या आणि दहा-बारा बोगदे घ्यावेत, एवढ्याने काम भागते. डॉरमाउस सापडला, परवानाधारक व्यक्ती निदान पाच वर्षे यायला तयार असली आणि जागामालक रानाची तोड करू देणार असला, तर आणि तरच पेट्यांवर खर्च करावा. तोही जाड फळ्यांच्या पेट्यांवर. झाकण ओले करून चोवीस तासांनी उघडते का हे एका नमुन्यावर पाहून मगच पुढची मागणी नोंदवावी. जाड फळ्यांच्या पेटीला मी पाचपैकी चार गुण देतो, झाकणासाठी एक कापून. प्लायवूडच्या पेटीला दोन.

येत्या मार्चमध्ये आम्हाला फुगलेल्या सहा आणि फुटलेल्या तीन अशा नऊ पेट्या बदलायच्या आहेत. गटाच्या बैठकीत त्यातल्या पाचच बदलायच्या आणि वाचलेल्या पैशांतून करवतीची पाती व तोडीच्या पुढच्या तुकड्याच्या कुंपणासाठी खुंट आणायचे असे ठरले. ३७ क्रमांकाची पेटी फळ्यांची आहे. ती जागची हलवायची नाही.